छातीची धडधड

परीक्षेच्या सकाळीं मुलाच्या घशाखालीं घांस उतरेनासा झाला कीं, घरांतील वडील मंडळी "एवढें घाबरायचें काय?" असें म्हणून मोकळी होतात. मुलाला मग भीतीपेक्षां भीतीची लाजच अधिक जाचते. अशा घरांकरितां ही हकीगत.

ता. १२ एप्रिल १९६१ रोजीं २७ वर्षांचा युरी गागारिन बायकोनूरच्या तळावर अग्निबाणाच्या टोकाशीं असलेल्या यानांत जाऊन बसला. त्यापूर्वीं अंतराळांत एकही मनुष्य गेला नव्हता. यानाचें झांकण नीट बसल्याची खूण मिळेना, म्हणून तें काढून पुन्हां बसवावें लागलें. तोंवर वेळ जावा म्हणून गागारिननें संगीत ऐकविण्यास सांगितलें. उड्डाणापूर्वीं सुमारें अर्धा तास त्याची नाडी मिनिटास ६४ होती. हा मनुष्य कीं दगड, असें कोणासही वाटावें! पण अग्निबाण उसळला तेव्हां तीच नाडी दीडशेच्या वर गेली. तरी तोंडून शब्द निघाले ते "चला, निघालों!" एवढेच. पृथ्वीप्रदक्षिणा करून १०८ मिनिटांनीं तो भूमीवर परतला.

हें झालें परक्या देशाचें. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ता. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत रायफल नेमबाजीच्या अंतिम फेरीस उतरला. त्या सकाळीं पोटांत कालवाकालव होत असल्यामुळें बिनदुधाच्या चहाखेरीज त्यानें कांहीं घेतलें नव्हतें, आणि छाती जोरानें धडधडत होती. हें त्यानें स्वतःच मागाहून मोकळेपणीं सांगितलें. त्यानें श्वास आवरला, नेहमींहून निराळें कांहीं करावयाचें नाहीं असें ठरविलें, व कांस्यपदक मिळविलें. १९५२ सालच्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला लाभलेलें हें पहिलेंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

कठीण प्रसंगीं मूत्रपिंडांवरील ग्रंथींचा रस रक्तांत उतरतो, हृदय वेगानें चालतें व स्नायूंस अधिक रक्त पोंचतें. ही शरीराची कमर कसण्याची रीत आहे. तिला भित्रेपणा म्हणणें अन्यायाचें आहे. गागारिनच्या पाठीशीं सुमारें वर्षभराचें शिक्षण होतें, स्वप्निलच्या पाठीशीं अनेक वर्षांचा सराव. छाती धडधडत असतांही दोघांचीं कामें चुकलीं नाहींत, तीं त्या सरावामुळें.

म्हणून पुढच्या परीक्षेच्या सकाळीं मुलाला हंसूं नये. "धडधडतें आहे ना? धडधडूं दे. तुझा अभ्यास झाला आहे," एवढें सांगून त्याच्या हातीं चहाचा पेला द्यावा.