पऱ्याचा मासा

दिवाळीच्या किल्ल्यापाशी तळे करण्याची आमच्या रत्नागिरीच्या मुलांना भारी हौस. गेल्या दिवाळीत आमच्या आळीतल्या एका मुलाने तळ्याच्या जागी लोणच्याची रिकामी बरणी मांडली होती. बरणीत चार मासे होते. बोटभर लांबीचे, रुपेरी, आणि डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ ओढलेले. दांडवण म्हणतात ते हे. "पऱ्यात पंचा धरून पकडले, गुरुजी!" त्याचा चेहरा असा फुलला होता की किल्ल्यावरचे मावळेही फिके पडावेत.

त्याच वेळी किल्ले पाहत हिंडणारे मुंबईचे एक पाहुणे तेथे थांबले आणि कळवळून म्हणाले, "अरे, मुक्या जीवांना असे पाण्यातून ओढून आणतोस? मासे पाळायचेच असतील तर दुकानातून विकत आणावेत!" मुलगा ओशाळला आणि बरणी उचलून मागल्या दारी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्याच पाहुण्यांनी तळलेल्या सुरमईचा तुकडा दोनदा मागून घेतला, हे मी द्वेषाने सांगत नाही. मीही त्याच पंगतीत होतो.

मात्र त्या मुलाची बाजू कोणीतरी घ्यावयास हवी होती. ती त्या दिवशी मी घेतली नाही, म्हणून आज घेतो.

विकतचा मासा पाळणे ही दया आणि पऱ्याचा मासा पाळणे हे क्रौर्य, ही समजूत आपण कोठून आणली? दुकानातला गोल्डफिश चीन देशातला. तिकडच्या माणसांनी शतकानुशतके निवडून निवडून त्याला ते सोनेरी रूप दिले. त्याच्याशी माझे वैर नाही. पण नऊ-दहा इंची काचेच्या गोळ्यात त्याला गरगर फिरवत मारणे ह्याला दया म्हणणे मला जमत नाही. दुसरा तो सकर मासा. दुकानात बोटाएवढा असतो, 'काच साफ करतो' म्हणून घरी येतो, आणि हातभर वाढला की घरातल्यांना नकोसा होतो. मारवत तर नाही, म्हणून मंडळी त्याला जवळच्या तळ्यात सोडतात आणि पुण्य पदरात पडल्याच्या समाधानाने घरी परततात. मूळ दक्षिण अमेरिकेचा हा प्राणी असल्या पुण्याईनेच आपल्या देशातल्या तळ्यांत आणि नद्यांत जाऊन बसला. परका मासा पाण्यात रुजला म्हणजे काय होते, हे पाहायचे तर उजनीला जावे. 1952 साली आफ्रिकेकडची चिलापी आपल्या देशात आणली गेली; आज त्या जलाशयावर गावठी माशांपेक्षा तिचेच नाव अधिक ऐकू येते.

आता कोणी विचारील, "गुरुजी, उद्या सगळेच जाळी घेऊन पऱ्यात उतरले तर?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर टाळण्याची माझी इच्छा नाही. सह्याद्रीच्या माशांवर ही आपत्ती येऊन गेलेली आहे. केरळच्या ओढ्यांतल्या लाल रेघेच्या एका सुंदर माशाचे, व्यापारी ज्याला 'मिस केरळ' म्हणतात त्याचे, 1997 साली सिंगापूरच्या प्रदर्शनात कौतुक झाले आणि परदेशी हौशी लोकांची त्याच्यावर उडी पडली. आपल्या कोल्हापूरकडच्या पंचगंगेत एक पट्टेदार मासा आहे. बाजारात त्याला झेब्रा लोच म्हणतात. त्याचीही तीच गत. 2005 ते 2012 ह्या काळात धोक्यात आलेल्या 30 जातींचे निदान 15 लाख मासे आपल्या देशातून परदेशी गेले, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. हे दोन्ही मासे त्यांत अग्रभागी होते.

परंतु वाचकहो, पंधरा लाखांचा हिशेब त्या चौघांच्या बरणीवर मांडू नका! पोत्याने आंबे चोरणारा आणि झाडाखाली पडलेला आंबा उचलणारे पोर ह्यांत कोकणी माणसाला तरी भेद कळला पाहिजे. विक्रीसाठी पऱ्यात जाळे घालणाऱ्याला खुशाल अडवा. मीही तुमच्याबरोबर येईन. मुलाला अडवू नका, त्याला शिकवा.

काय शिकवावे? आषाढात मासा चढणीला लागतो, अंडी घालायला उलट्या पाण्याने वर जातो. तेव्हा जाळी घरात ठेवावी. (ह्या दिवसांत पोटात गाबोळी असलेले चढणीचे मासे चवीने खाणाऱ्या मोठ्यांनी हा धडा मुलांआधी गिरवावा.) शिमग्यानंतर पऱ्या आटतो आणि कोंडीत उरलेला मासा हे पुढल्या वर्षाचे बियाणे असते, त्यालाही हात लावू नये. महाडजवळचा वाळणकोंड लोकांनी देवीचा म्हणून राखला, तेथे कोणी मासा धरीत नाही. असे कोंड तर दुरूनच नमस्कार करण्याचे. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत पाणी निवळ असते, तेव्हा धरावेत चार. पोटाने दगडाला चिकटून धारेत राहणारे मासे आणू नयेत. वाहत्या पाण्याखेरीज ते तगत नाहीत. संथ पाण्यातला दांडवण किंवा पिकू बरणीत दोन दिवस राहतो, ऐसपैस टाकीत पुष्कळ दिवस. परत सोडायचा तर ज्या कोंडीतला त्याच कोंडीत. आणि विकतच्या माशांच्या पाण्यात तो एकदा राहिला असेल तर मुळीच सोडू नये, कारण त्यांचे रोग पऱ्यात जातात.

पऱ्याचे खरे वैरी वेगळेच आहेत. कोणी ब्लीचिंग पावडर ओततो, कोणी सुरुंग उडवतो. सुरुंगाने वा विषाने मासे मारणे 1897 च्या मत्स्यकायद्यानेच गुन्हा ठरवले आहे. शिवाय चिरेखाणीची लाल माती पावसाबरोबर येऊन दगडांच्या फटी बुजवते, ते निराळेच. ह्यांच्यावर ओरडायला आपल्या पाहुण्यांना कंठ फुटत नाही. तो फुटतो पंचा धरलेल्या पोरावर.

मी वर्गात एकदा विचारले, "आपल्या पऱ्यातल्या पाच माशांची नावे सांगा." गोल्डफिश सगळ्यांना ठाऊक होता. पऱ्यातली पाच नावे एकालाच आली, त्याच बरणीवाल्याला. गेल्या पावसाळ्यात वरच्या अंगाने लाल गाळ आला तेव्हा धावत येऊन मला सांगणाराही तोच. गावात एवढी माणसे, पण कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. यायचे तरी कसे? जे कधी हातात धरले नाही, ते गेले तर कळणार कोणाला?

म्हणून यंदा मी किल्ले पाहायला हिंडणार आहे ते त्या बरणीसाठी. ती मागल्या दारी असली, तर उचलून पुढे आणून मांडीन. पाहुण्यांनीही यावे. चारही मासे मुलाने भाऊबीजेला पऱ्यात नेऊन सोडायचे, असे आमचे ठरले आहे.