शब्दबोध : ‘चेअरी’ आणि जयणा



सावधपणा दर्शविणारे ‘केअरफुल’ हे इंग्रजी विशेषण शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याचाच एक भाऊबंद ‘चेअरी’ मात्र क्वचित भेटतो. देताना हात आखडणारा, बोलताना हातचे राखणारा, तो ‘चेअरी’. उधारी द्यायला कचरणाऱ्या दुकानदारास हे विशेषण चपखल बसते.

या शब्दाचे मूळ मात्र दुकानात नाही, दुःखात आहे. जुन्या इंग्रजीत ‘चेआरु’ म्हणजे शोक, चिंता. त्यावरून ‘चेआरिग’ म्हणजे शोकाकुल. ‘केअर’ही याच घरातला. जर्मन भाषेत गुड फ्रायडेला ‘कारफ्रायटाग’ म्हणतात, त्यातील ‘कार’ हाही शोकवाचकच. पुढे ज्याची काळजी वाटते ते प्रिय, असाही अर्थ ‘चेअरी’ला काही काळ होता. तो लोपला आणि उरला केवळ सावध, कचरणारा.

आपल्या ‘जपणे’ या क्रियापदाने मात्र दोन्ही अर्थ सांभाळले आहेत. आपण पावसात जपून चालतो आणि नातीही जपतो.

जैन परंपरेतील ‘जयणा’, म्हणजेच यतना, याच्याही पुढे जाते. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग या पाच समितींत चालणे, बोलणे, भिक्षा घेणे, वस्तू उचलणे-ठेवणे व मलमूत्रादी टाकणे यांचा विवेक सांगितला आहे. ईर्यासमिती पाळणारे साधू पुढची सुमारे चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. ते स्वतःला ठेच लागू नये म्हणून नव्हे, तर पायाखाली जीव येऊ नये म्हणून.

२० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने आपला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून उद्योगांवर मर्यादा घातल्या. व्यापाऱ्याच्या नजरेला ही अडवणूक वाटू शकते. पण चिकूच्या वाड्या, खाड्या आणि वारली पाडे ज्याला प्रिय आहेत, त्याला त्यात जपणूकही दिसेल.

पावसाळ्याच्या तोंडावर तलासरीकडचा शेतकरी बियाण्यासाठी उधार मागतो, तेव्हा आपण वहीकडे पाहतो. पाहावेच, आंधळा व्यवहार हा काही धर्म नव्हे. मात्र नकार देण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारावे : मी माझी रक्कम जपतो आहे, की समोरचा माणूसही?

पहिल्या सावधपणाला इंग्रजीत ‘चेअरी’ म्हणतात. दुसऱ्याला आपल्याकडे जयणा म्हणतात.