बाळ पेटीत, आई पासवर

एनआयसीयूच्या दारावर एक बोर्ड असतो : ‘नातेवाइकांना भेटण्याची वेळ’. मला या बोर्डातल्या प्रत्येक शब्दाशी भांडायचंय. नातेवाईक म्हणजे मावशीचे दीर. भेटणं म्हणजे सफरचंदं घेऊन जाणं. आणि वेळ? नुकत्याच बाळंत झालेल्या बाईने स्वतःच्या लेकराजवळ किती वेळ बसायचं, हे ठरवणारे तुम्ही कोण?

माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात आली. 1,240 ग्रॅम. एका मोठ्या शहरातल्या खासगी हॉस्पिटलात ती 29 दिवस पेटीत होती. (घरातले सगळे इन्क्युबेटरला पेटीच म्हणायचे. शब्द भयंकर आहे, पण बरोबर आहे.) भेटीची वेळ सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, आणि एका वेळी एकच माणूस. म्हणजे 696 तासांपैकी आम्हा दोघांत मिळून 29. त्यातही डॉक्टरांचा राउंड लांबला, शेजारच्या बाळाचं काही सुरू झालं, की ते कापले जायचे. निळ्या दोरीत अडकवलेला पास होता, त्यावर छापलं होतं ‘व्हिजिटर’. मी बाहेर आले की तोच पास नवऱ्याच्या गळ्यात घालायचा.

एक गोष्ट मात्र बिनापासाची आत जायची. माझं दूध. दर तीन तासांनी पंप लावून काढायचं, बाटलीवर नाव आणि वेळ लिहायची, दारातून सिस्टरच्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी चीक निघाला तो तळहातावर मावेल एवढा, तोही त्यांनी अगदी जपून नेला. चौतीस आठवड्यांच्या आसपासपर्यंत बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं एकत्र जमत नाही, म्हणून दूध नळीने थेट पोटात. आईच्या दुधाची किंमत आपल्याकडच्या डॉक्टरांना कधीच कळलीय. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली सायन हॉस्पिटलात आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. मग प्रश्न एवढाच, की दूध औषध आणि दूधवाली इन्फेक्शन, हे कसं काय?

इन्फेक्शन. या शब्दापुढे आईबाप गप्प होतात, आणि होणारच. पण तुम्ही दाराबाहेर बाकड्यावर बसून एक दिवस नुसते मोजा, आत कोण कोण जातं. एक्स-रेवाला मशीन ढकलत जातो. लॅबचा मुलगा, हाउसकीपिंगच्या मावशी, ज्युनिअर डॉक्टर, सिनिअर डॉक्टर, सिनिअरांबरोबर आलेले चार शिकाऊ. सगळे हात धुऊन जातात, कबूल. मलाही हात आहेत. मलाही साबण कळतो.

आणि हा काही माझा हळवेपणा नाही. 2021 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास आला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतली 3,211 बाळं, वजन एक किलो ते 1,799 ग्रॅम. म्हणजे माझ्या मुलीच्याच गटातली. निम्म्या बाळांना नेहमीची पद्धत : आधी पेटीत, तब्येत स्थिरावली की मग आईच्या छातीवर. उरलेल्यांना जन्मल्यापासूनच छातीवर, कातडीला कातडी लावून, आणि त्यासाठी आईचा पलंगच अतिदक्षता विभागात. या बाळांना तिथे दिवसाकाठी साधारण सतरा तास आईचा स्पर्श मिळाला, दुसऱ्या गटाला दीड तास. पहिल्या 28 दिवसांत नेहमीच्या पद्धतीतली 15.7 टक्के बाळं गेली, आईजवळची 12 टक्के. जंतुसंसर्गाचा संशयसुद्धा आईजवळच्या बाळांतच कमी निघाला. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास वेळेआधी थांबवला. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारसच केली, की कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर द्या.

यातलं भारतातलं केंद्र कुठलं होतं? दिल्लीचं सफदरजंग. सरकारी, कायम तुडुंब भरलेलं. तेव्हा ‘मॅडम, आमच्याकडे जागा नाही’ हे मला डिलक्स रूमच्या जाहिराती लावणाऱ्यांनी सांगू नये. मुळात ही पद्धतच जागा नव्हती म्हणून जन्माला आली. 1978 च्या सुमारास कोलंबियात, बोगोटाच्या हॉस्पिटलात पेट्या पुरेनात, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधायला सुरुवात केली.

आमच्या पाचवीच्या दिवशी सासूबाई हॉस्पिटलच्या लॉबीत विचारत होत्या, “सटवाई आत कशी जाणार गं? तिला सोडतील का?” मला हसू आलं आणि टाके दुखले. पण त्या माउलीच्या प्रश्नात तथ्य आहे. सोयर पाळणाऱ्या घरांत बाळंतिणीला कोणी शिवत नसे, तिचं ताटसुद्धा वेगळं. त्या प्रथेविषयी मला काडीचं प्रेम नाही. तरी त्या अंधाऱ्या खोलीत आई आणि बाळ एकत्र असायचे. इतक्या कडक सोवळ्यालाही जे सुचलं नाही, ते आपण एसी लावून करून दाखवलं.

मुलीचा श्वास मधेच थांबायचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा थांबतो, मेंदूतलं श्वासाचं यंत्र अजून तयार नसतं. मॉनिटर ओरडायचा, सिस्टर तळपायावर टिचकी मारायची, श्वास परत सुरू. त्यासाठी तिला रोज कॅफीन चालू होतं (घरी तिचं नाव अजून ‘कॉफीवाली’ आहे). एका सिस्टरकडे पाच-सहा बाळं. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही, त्या बायांनीच माझी पोर जगवली. पण टिचकी मारायला मी शिकले असते. तापमान बघायला, नळीतून दूध सोडायला नवरा शिकला असता. तो काय करत होता? फार्मसी, लॅब, बिलिंग काउंटर. बाप म्हणजे चालतंबोलतं एटीएम. वर त्याची रजा पाचव्या दिवशी संपली, कारण खासगी नोकरीत बापाला रजा द्यायची सक्ती करणारा केंद्रीय कायदाच नाही. माझ्या 26 आठवड्यांतले चार दाराबाहेर गेले. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2025 पासून अशा आईबापांना 12 आठवड्यांपर्यंत वेगळी रजा आहे. आपल्याकडे या विषयावर साधं भांडणही सुरू झालेलं नाही.

का नाही, याचं माझं एक उत्तर आहे. आपण या बाळांना ‘फायटर’ म्हणतो, डिस्चार्जच्या दिवशी फुगे लावून ‘मिरॅकल बेबी’ची रील टाकतो. चमत्कार म्हटलं की हात जोडायचे असतात, प्रश्न विचारायचे नसतात. मूल जगलं तर तक्रार करणं कृतघ्नपणा वाटतो. नाही जगलं तर तक्रार करायला अंगात काही उरत नाही. मधल्या मधे बोर्ड तसाच राहतो.

सरकारी नवजात कक्षात असाल, तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची 2017 ची ‘फॅमिली पार्टिसिपेटरी केअर’ नावाची मार्गदर्शक सूचना आहे. आईबापांना हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत शिकवून आत घ्या, असं तिच्यात लिहिलंय. नाव घेऊन मागा. खासगीत जाणार असाल, तर सातव्या महिन्याच्या आतच हॉस्पिटल बघायला जा. ते तुम्हाला सूट रूम दाखवतील, बाळाच्या फोटोशूटचं पॅकेज सांगतील. तेव्हा विचारा : बाळाला पेटीत ठेवावं लागलं, तर मी आत किती तास बसू शकते? माझ्यासाठी खुर्ची आहे का? त्याच्या बाबांनी छातीवर घेतलं तर चालेल का? ‘पॉलिसी नाही’ म्हणाले, तर ती पॉलिसी लेखी मागा.