रुंदीचा हिशेब

कबड्डीचे मैदान पुरुषांसाठी १३ मीटर बाय १० मीटर. हॉकीचे टर्फ ९१.४ बाय ५५. आपल्या बहुतेक वाचकांच्या खेळात माप गृहीत असते. माती आहे की मॅट, उजेड किती, प्रेक्षक कोणाचे, एवढेच काय ते बदलते. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या प्रशिक्षकाला ही चैन नाही. त्याच्या खेळाचे नियम सांगतात की मैदान लंबगोल असावे, लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर. म्हणजे एकाच स्पर्धेत, लागोपाठच्या दोन आठवड्यांत, त्याच अठरा खेळाडूंना वेगवेगळ्या आकाराची जागा राखावी लागते. ऑफसाइड नाही, त्यामुळे जागा म्हणजे सगळीच जागा. हा खेळ हिवाळ्यात रिकाम्या पडलेल्या क्रिकेटच्या मैदानांवर वाढला आणि क्रिकेटने मैदानाचे एकच एक माप कधी ठरवले नाही. तो ढिलेपणा फुटबॉलकडे वारशाने आला. मैदान पाहून डावपेच किती बदलावेत, हा प्रश्न इथे जितका उघडा पडतो तितका दुसऱ्या खेळात क्वचितच पडतो. म्हणून या वेळी हा विषय.

ही मैदाने आपल्याला तशी परकी नाहीत. मेलबर्नला बाजूच्या सीमारेषा लांब आणि समोरच्या जवळ, ॲडलेडला नेमके उलट, हे भारतीय संघाचा दौरा पहाटे उठून पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मैदाने दोन्ही लंबगोलच. मेलबर्नला खेळपट्टी आडवी पडते, ॲडलेडला लांबीच्या दिशेने. फुटबॉलचे खांब मात्र दोन्हीकडे लांबीच्या टोकांना असतात. त्यामुळे क्रिकेटमध्ये ॲडलेडला फलंदाजाचा कट चटकन चौकार जातो, त्याच अरुंद बाजूला फुटबॉलमध्ये खेळाडूंची गर्दी होते.

आकडे पाहू. मेलबर्नचे एमसीजी सुमारे १६० मीटर लांब आणि १४१ रुंद. जिलाँगचे कार्डिनिया पार्क १७० लांब, पण रुंदी ११५ च. ॲडलेड ओव्हल १६७ बाय १२३. ब्रिस्बेनचे गॅबा १५६ बाय १३८, जवळजवळ वर्तुळ. सिडनीचे एससीजी १५५ बाय १३६. पर्थचे जुने सुबियाको १७५ बाय १२२ होते. २०१८ पासून तिथले संघ १६५ बाय १३० च्या नव्या स्टेडियमवर खेळतात. छापील आकडे मीटर-दोन मीटरने इकडेतिकडे होतात, त्यामुळे ज्याला खरोखर गरज आहे त्याने टेप घेऊन स्वतः मोजावे.

बोलताना सगळे लांबीबद्दल बोलतात. आमच्या मते खरा फरक रुंदी पाडते. सुबियाको आणि एमसीजी यांच्या रुंदीत १९ मीटरचा फरक. पन्नास मीटरची किक हवेत साधारण तीन सेकंद असते आणि तेवढ्या वेळात ताजातवाना खेळाडू वीस मीटरच्या आसपास धावतो. म्हणजे हा फरक बरोबर एका किकच्या उड्डाणाएवढा आहे. बचावाच्या एका ओळीत पाच जण उभे केले, तर सुबियाकोवर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचोवीस मीटर येतात आणि एमसीजीवर अठ्ठावीस. चार मीटर कागदावर किरकोळ वाटतात. पण चेंडू एका बगलेतून दुसऱ्या बगलेत गेला की पाचही जणांना सरकावे लागते आणि प्रत्येकाचे चार मीटर शेवटच्या माणसाच्या अंगावर पडतात.

इथे एक बाब सहसा सुटते. रुंद मैदान चेंडू फिरवणाऱ्या संघालाही महागात पडते. दोन्ही सीमारेषांपासून पंधरा मीटर आत धरले, तर सुबियाकोवर चेंडू या बाजूहून त्या बाजूला न्यायला ९२ मीटर लागायचे. सेहेचाळीस मीटरच्या दोन किक, कोणालाही जमतील अशा. एमसीजीवर तेच अंतर १११ मीटर. आता एक तर पंचावन्न मीटरच्या दोन किक हव्यात, नाहीतर तीन. तिसरी किक म्हणजे बचावाला आणखी तीन सेकंद आणि मधल्या पट्ट्यात चेंडू हातचा जाण्याची आणखी एक संधी. तेव्हा रुंदीचा फायदा ज्या संघाची मधली किक चुकत नाही त्यालाच मिळतो. इतरांना ती फक्त दमवते.

पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सची २०१५ ची कहाणी आता प्रशिक्षकांच्या वर्गात दाखला म्हणून सांगितली जाते, पण बहुधा अर्धीच. मोसमाच्या आरंभीच एरिक मॅकेन्झी आणि मिच ब्राउन हे दोन उंच बचावपटू गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेले. प्रशिक्षक ॲडम सिम्पसन यांनी माणसाला माणूस लावणे सोडून जागा राखणारे जाळे विणले. प्रत्येक बचावपटू आपापला पट्टा धरायचा आणि चेंडू उंच आला की जेरेमी मॅकगव्हर्नसारखा खेळाडू आपला माणूस सोडून मधे येऊन झेलायचा. सुबियाकोवर हे जाळे गच्च बसले. बाद फेरीत तिथेच त्यांनी गतविजेत्या हॉथॉर्नला ३२ गुणांनी हरवले. तीन आठवड्यांनी, ३ ऑक्टोबरला, एमसीजीवरच्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नने त्यांना १०७–६१ असे ४६ गुणांनी धुतले. संघ तेच, जाळे तेच, फरक ७८ गुणांचा.

मैदान रुंद होते म्हणून जाळे फाटले, असे सगळे म्हणाले. खोटे नाही, पण पुरेसेही नाही. त्या दिवशी मेलबर्नला तीस अंशांच्या वर उकाडा होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे समोर हॉथॉर्न होते. ॲलिस्टर क्लार्कसन यांच्या या संघात लूक हॉज, मॅट सकलिंग, ग्रँट बर्चल असे डाव्या पायाचे नेमबाज होते. उजव्या पायाचा खेळाडू ज्या बगलेत अडखळतो तिथून हे आतल्या बाजूला सरळ किक मारत. वर आपण जिला मधली किक म्हटले ती त्यांची चुकत नव्हती. शिवाय त्यांची घरची मैदाने एमसीजी आणि टास्मानियातले लॉन्सेस्टन, दोन्ही रुंद. इतका नेम नसलेला संघ त्याच मैदानावर त्याच जाळ्यात अडकला असता, असे आम्हाला वाटते.

घरचे मैदान अरुंद असले की एमसीजीवर जिंकता येत नाही, ही समजूत तर टिकतच नाही. जिलाँग स्पर्धेतल्या सर्वांत अरुंद मैदानांपैकी एकावर वाढलेला संघ. त्याने २००७, २००९, २०११ आणि २०२२ ची विजेतेपदे एमसीजीवरच मिळवली. २००७ मध्ये पोर्ट ॲडलेडला ११९ गुणांनी हरवले, तो अंतिम सामन्यातल्या सर्वांत मोठ्या विजयाचा विक्रम आहे. पॉल रूस यांच्या सिडनीने घरच्या आखूड मैदानावर झटापटीचा, चेंडू दाबून धरायचा खेळ घोटला. २००५ च्या मोसमात लीगच्या प्रमुखांनीच त्या खेळाला कुरूप ठरवले होते. त्याच खेळाने सिडनीने त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात एमसीजीवर वेस्ट कोस्टला ५८–५४ असे हरवले. उलट दिशेचा दाखला २०२० चा. साथीमुळे अंतिम सामना गॅबावर गेला आणि एमसीजीला घर मानणाऱ्या रिचमंडने तिथे जिलाँगला ३१ गुणांनी नमवले.

म्हणून आमचे मत असे. मैदान पाहून खेळाची योजना बदलणारा प्रशिक्षक खेळाडूंना गोंधळात टाकतो. योजना एकच असावी. बदलायची ती अंतरे, आणि तीही मोजकीच.

त्यातले पहिले अंतर रुंदीचे नाही, मधल्या चौकोनाचे आहे. मैदान कितीही मोठे असो, मधला चौकोन ५० मीटरचा आणि दोन्ही टोकांना खांबांपासून ५० मीटरची कमान, हे ठरलेले. मग लांबीतला सगळा फरक चौकोन आणि कमान यांच्या मधल्या फटीत जमा होतो. एससीजीवर ती फट अडीच मीटरची, एमसीजीवर पाच, कार्डिनिया पार्कवर दहा. सिडनीला मध्यातून जिंकलेल्या चेंडूवर पन्नास मीटरची किक खांबांपासून साडेसत्तावीस मीटरवर पडते, जिलाँगला पस्तीसवर. २०१९ पासून मधल्या चौकोनातून खेळ सुरू होताना दोन्ही संघांचे सहा-सहा खेळाडू तिन्ही पट्ट्यांत उभे राहणे सक्तीचे आहे, म्हणजे मागे जादा माणूस ठेवायची सोय गेली. त्यामुळे आखूड मैदानावर मध्यातला चेंडू हरणे म्हणजे थेट गोल खाण्याची तयारी. तिथे मधले चार खेळाडू निवडताना वेगापेक्षा टॅकल पाहावे आणि उंच फॉरवर्डला नेहमीपेक्षा खोल उभे करावे, म्हणजे त्याला पुढे धावत येऊन मार्क (किकचा थेट झेल) घेता येईल.

दुसरे अंतर कडेचे. बचावाचा जुना धडा सांगतो की चेंडू सीमारेषेकडे ढकला. मैदान शुद्ध लंबवर्तुळ धरून गणित केले, तर गोलरेषेपासून ४० मीटरवर सीमारेषा मध्यरेषेपासून एमसीजीला सुमारे ६१ मीटर दूर असते आणि कार्डिनिया पार्कला सुमारे ४९. एमसीजीवर कडेला ढकललेला प्रतिस्पर्धी खांबांपासून सत्तरहून जास्त मीटर लांब जातो, थोडी उसंत मिळते. अरुंद मैदानावर तो तिथूनच एका किकमध्ये चेंडू गोलच्या तोंडाशी टाकतो. त्यामुळे जिलाँगसारख्या ठिकाणी कडेला ढकलून भागत नाही. तिथेच टॅकल करून चेंडू थांबवावा लागतो, नाहीतर चेंडू सीमेबाहेर जावा लागतो.

तिसरे, चेंडूपासून दूरच्या बाजूच्या विंगरचे. अरुंद मैदानावर तो मध्यापर्यंत आत सरकला तरी वेळेत परत पोहोचतो. एमसीजीवर पोहोचत नाही. त्याने दहा मीटर बाहेर थांबायचे ठरवले, की मधे पडलेली ती जागा कोण भरणार, हे सामन्याआधी नावानिशी ठरलेले हवे. २०२१ पासून खेळाडू बदलण्याची मर्यादा सामन्याला ७५ वर आली आहे; रुंद मैदानावर त्यातले जास्त बदल विंगरवर खर्च करावेत.

हवामानाबद्दल फार लिहीत नाही, कारण प्रशिक्षकाला ते मैदानावर पाऊल ठेवताच कळते. होबार्टला नदीवरून येणारा वारा, डार्विनला रात्रीच्या दमट हवेत हातातून निसटणारा चेंडू, मेलबर्नच्या डॉकलंड्सला छप्पर मिटले की वाराच नाही. वाऱ्याविरुद्धच्या क्वार्टरमध्ये छोट्या किक, कडेकडेने, वेळ काढत; वाऱ्यासोबत पहिल्या संधीला लांब. चेंडू ओला असेल तर तिसऱ्या उंच खेळाडूच्या जागी जमिनीवरचा चेंडू उचलणारा चपळ माणूस. हे तिथल्या गावोगावच्या क्लबांनाही पाठ आहे.

सरावाबद्दल मात्र लिहायला हवे, कारण चूक बहुतेक वेळा तिथेच होते. पुढच्या सामन्याचे मैदान अरुंद असेल, तर सोपे आहे: आपल्या मैदानावर आतून फक्की मारा आणि त्या रेषांत आठवडाभर खेळा. पुढचे मैदान रुंद आणि आपले अरुंद असेल, तर मैदान ताणता येत नाही. मग माणसे कमी करा. १२२ मीटरमध्ये पाचाऐवजी चार जणांची ओळ लावली, की प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीस मीटर येतात, एमसीजीपेक्षाही थोडे जास्त. चार दिवस त्या चौघांना सरकू द्या. सामन्यात पाचवा माणूस मिळाला की त्यांना मैदान लहान वाटेल. समोरच्या संघाला याच सरावात पंचावन्न मीटरची आडवी किक मारायला लावा आणि ज्यांची पोहोचत नाही त्यांची नावे लिहून ठेवा. त्या खेळाडूंनी मोठ्या मैदानावर बाजू बदलायची नाही, असा स्पष्ट आदेश हवा. खेळाडू यावर नाराज होतात, होऊ द्यावे.

वेस्ट कोस्टच्या कहाणीचा उरलेला अर्धा भाग इथे येतो. २९ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम सामन्यात तेच सिम्पसन, तोच मॅकगव्हर्न, तेच एमसीजी. या मोसमात संघ घाई न करता किक-मार्क, किक-मार्क करत चेंडू हातात ठेवून खेळत होता. सुरुवातीला कॉलिंगवुडने मोठी आघाडी घेतली आणि ईगल्स हळूहळू परत आले. सामना संपत आला होता, तेव्हा मॅकगव्हर्नने बचावात चेंडू झेलला. तिथून तो नेथन वार्डीकडे, त्याच्याकडून लियम रायनकडे आणि रायनकडून सीमारेषेला लागून मोकळ्या उभ्या असलेल्या डॉम शीडकडे गेला. एकही किक चुकली नाही. शीडने त्या अवघड कोनातून गोल मारला आणि संघ ७९–७४ असा जिंकला. तीन वर्षांपूर्वी ज्या रुंदीने त्यांना दमवले होते, तिच्याच कडेला त्यांचा माणूस मोकळा सापडला.

एमसीजीवर अंतिम सामने खेळवण्याचा करार २०५० नंतरही अनेक वर्षे चालू राहणार आहे. मेलबर्नबाहेरच्या क्लबांना त्याची चीड येते ती रास्तच आहे. तरीही घरच्या मैदानाला अनुसरून संघ बांधणे त्यांनी सोडू नये. घरचे सामने जिंकल्याशिवाय सप्टेंबर, म्हणजे बाद फेरी, दिसत नाही. खरी अडचण टास्मानियाची आहे. २०२८ मध्ये उतरायचे ठरलेल्या या नव्या संघाचे घरचे सामने होबार्ट आणि लॉन्सेस्टन दोन्हीकडे व्हायचे आहेत. लॉन्सेस्टनचे मैदान १४० मीटरच्या घरात रुंद आणि उघडे. होबार्टला योजलेले नवे स्टेडियम छपराचे. पहिल्याच मोसमात कोऱ्या संघाला दोन घरांची अंतरे शिकवायची, की एक घर निवडून दुसऱ्याला परगाव मानायचे, हे तिथल्या प्रशिक्षकाला खेळाडू निवडण्याआधी ठरवावे लागेल. आम्ही लॉन्सेस्टन निवडले असते. रुंद मैदानावर घोटलेला बचाव आत ओढून घेता येतो, आणि पंचावन्न मीटरची किक मारणारे खेळाडू होबार्टलाही उपयोगी पडतात.