फर्नेस बंद झाल्यावरचं पाणी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही फाउंड्रीत रात्रपाळीला लाईट गेली, की जुना मेल्टर दिव्याकडे बघत नाही, पाण्याकडे बघतो. करंट थांबला तरी फर्नेसमधला साडेचौदाशे अंशांचा रस तसाच असतो. तो आणि तांब्याची कॉईल यांच्यामध्ये फक्त काही इंचांचं लाईनिंग. पंप बंद पडून कॉईलमधल्या पाण्याची वाफ झाली तर तांबं जातं, आणि पाणी रसाला भिडलं तर शेडचे पत्रे उडतात. त्यासाठीच तर वरची टाकी बांधलेली, डिझेल पंप ठेवलेला.

एवढं ज्याला कळतं त्याला अणुवीज निम्मी कळलेली आहे.

बेळगावच्या थेट दक्षिणेला, सरळ रेषेत शे-सव्वाशे किलोमीटरवर, काळी नदीच्या कद्रा जलाशयाकाठी कैगा अणुवीज केंद्र आहे. तिथे २२० मेगावॅटची चार युनिट आहेत. इंधन म्हणून नैसर्गिक युरेनियम वापरतात. त्यात फुटणारा भाग हजारात सातच. त्यामुळे न्यूट्रॉनचा वेग कमी करायला साधं पाणी चालत नाही, जड पाणी लागतं. अणू फुटतो, उष्णता निघते, तिच्यावर वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. टर्बाइनपासून पुढे सगळं कोळशाच्या वीजघरासारखंच. वेगळेपणा आहे तो बंद करण्यात. नियंत्रक दांडे आत टाकले की अणू फुटायचं सेकंदांत थांबतं, पण फुटलेल्या अणूंचे तुकडे तापतच राहतात. एका युनिटची औष्णिक क्षमता साधारण साडेसातशे मेगावॅट. थांबवल्यानंतर तासाभराने त्यातली दीड टक्क्याच्या आसपास उष्णता शिल्लक असते, म्हणजे जवळपास दहा मेगावॅट. पाचशे किलोवॅटच्या वीस फर्नेस पूर्ण लोडवर, आणि स्विच मात्र कुठेच नाही. फुकुशिमात मार्च २०११ मध्ये भूकंप होताच चालू अणुभट्ट्या बंद पडल्या होत्या. घात केला तो नंतर त्सुनामीच्या पाण्यात बुडालेल्या डिझेल जनरेटरांनी.

आपल्याकडचं उदाहरण उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याचं. त्याची चर्चा मराठीत फारशी झाली नाही. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती थकव्याने तुटली. समतोल गेलेला शाफ्ट हादरू लागला, जनरेटरमधला हायड्रोजन पेटला आणि आग केबलींत शिरली. मुख्य आणि राखीव केबली वेगवेगळ्या वाटांनी नेलेल्या नव्हत्या, त्यामुळे दोन्ही जळाल्या. सुमारे सतरा तास केंद्रात वीज नव्हती. अणुभट्टी बंद झालेली होती, तरी ती बंदच राहावी म्हणून काही कर्मचारी बॅटऱ्या घेऊन वर चढले आणि त्यांनी हाताने वॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण सोडलं. थंड करायला शेवटी कामी आले ते आग विझवायचे डिझेल पंप. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. पण कास्टिंगमधली क्रॅक पॉलिश मारून दडवणाऱ्यांनी ती दोन पाती लक्षात ठेवावीत.

कैग्याचीही अशीच एक गोष्ट आहे. मे १९९४ मध्ये, बांधकाम चालू असताना, पहिल्या युनिटच्या आतल्या घुमटाचा खालचा थर सुटून कोसळला. ताणलेल्या केबलींमुळे काँक्रीटवर जाडीच्या दिशेने ओढ येते, आणि ती झेलायला त्या दिशेची सळई नव्हती. इंधन अजून भरलेलं नव्हतं म्हणून थोडक्यात निभावलं. घुमटाची रचना बदलून तो पुन्हा बांधला गेला. १९८९ ला काम सुरू झालेलं हे युनिट व्यापारी उत्पादनाला लागलं २००० च्या नोव्हेंबरात. अणुविजेचं खरं दुखणं हेच आहे. इंधनाचा खर्च थोडा, पण पैसा आधी गुंतून पडतो आणि व्याज थांबत नाही.

त्याच युनिटने पुढे १३ मे २०१६ ते ३१ डिसेंबर २०१८ असे सलग ९६२ दिवस न थांबता चालून तेव्हाचा जागतिक विक्रम केला. या जातीच्या अणुभट्टीत चालू असतानाच इंधन बदलता येतं, म्हणून ते जमलं. सौर पॅनेल रात्रीच्या हीटला उपयोगी पडत नाही. अणुवीज पडते, आणि धूरही सोडत नाही.

कर्नाटकातल्या निपाणीला दक्षिणेच्या ग्रिडची वीज, ज्यात कैग्याचा वाटा. अर्ध्या तासावरच्या, महाराष्ट्रातल्या कागलला पश्चिमेच्या ग्रिडची, ज्यात तारापूर अणुवीज केंद्राचा वाटा. बिल एकीकडे कन्नडमध्ये, दुसरीकडे मराठीत. मात्र ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन सुरू झाली आणि दोन्ही ग्रिड एका तालात आल्या. सीमेचा वाद विजेपुरता तरी त्या रात्री मिटला म्हणायचा!

दुसरी बाजू झाकायचं कारण नाही. उष्णतेचा जवळजवळ सत्तर टक्के भाग वीज न होता जलाशयाच्या पाण्यात जातो. वापरलेलं इंधन वर्षानुवर्षं पाण्याखाली थंड करावं लागतं. पुनर्प्रक्रियेतून उरणारा तीव्र कचरा काचेत गोठवतात, तारापूरला ते काम चालतं, पण ती काच सांभाळायची मुदत माणसाच्या पिढ्यांत मोजता येत नाही. २००९ च्या नोव्हेंबरात कैग्यात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये किरणोत्सर्गी ट्रिटियम सापडलं. पन्नासावर कामगारांच्या शरीरात ते गेलं होतं. आणि कन्नड लेखक शिवराम कारंतांनी उतारवयात, १९८९ साली, या प्रकल्पाला विरोध म्हणून लोकसभेची निवडणूक लढवली होती. त्यांना विकासविरोधी म्हणून निकालात काढणं सोपं आहे, योग्य नाही.

केंद्राने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत शंभर गिगावॅट अणुविजेचं लक्ष्य ठेवलं आणि छोट्या अणुभट्ट्यांसाठी वीस हजार कोटी जाहीर केले. पंपांची बॉडी, वॉल्व्हचे सांगाडे कुणीतरी ओतणारच. बेळगाव आणि कोल्हापूर पट्ट्यातल्या कारखानदारांना त्यातलं काम हवं असेल, तर दरपत्रकाच्या आधी हीट नंबरचं रजिस्टर उघडावं लागेल. दहा वर्षांपूर्वीचा एखादा तुकडा कोणत्या दिवशी, कोणत्या चार्जमधून ओतला, हे आज किती शेडमध्ये दहा मिनिटांत सांगता येतं?