टनामागचा रुपया द्या, पण हिशेब मागून द्या



ऊसबिल हातात पडलं की आपली नजर आधी कपातीवर जाते. तोडणी-वाहतूक, सोसायटीचं कर्ज, पाणीपट्टी हे सगळं बिलावर दिसतं तरी. एक रक्कम मात्र बहुतेकांना ठाऊकच नसते. राज्यातले साखर कारखाने गाळलेल्या दर टनामागे एक रुपया मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या ऊस संशोधन संस्थेला देतात. धनादेश कारखान्याचा असला तरी पैसा उसातूनच येतो, म्हणजे तो आपलाच आहे.

हा रुपया बंद करा, असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे: घाई करू नका. एकरी 40 टन ऊस निघाला तर आपल्या वाट्याला एकरी 40 रुपये येतात. चांगल्या हंगामात राज्याचं गाळप 10 कोटी टनांवर जातं, आणि तेव्हा याच चाळीस-चाळीस रुपयांचे 10 कोटी होतात. उसाचा एक नवा वाण शेतात यायला दहा-बारा वर्षं जातात. हा खर्च एकट्यादुकट्याला झेपणारा नाही. खासगी बियाणे कंपनीही त्यात पडत नाही, कारण बेणं एकदा गावात आलं की एकाच्या प्लॉटवरून दुसऱ्याच्या शेतात जातं. कपाशीसारखं दरवर्षी पाकीट विकता येत नाही. म्हणून हे काम एकत्र पैसे घालूनच करावं लागतं. सहकारी कारखानदारीने 1975 साली ही संस्था उभी केली ती याचसाठी.

वर्गणी बंद केल्यावर काय होतं, हे ब्रिटनमध्ये दिसलं. तिथे बटाटा आणि फळं-भाजीपाला पिकवणाऱ्यांना एका सरकारमान्य मंडळाला सक्तीची वर्गणी द्यावी लागे. पैशाच्या मानाने काम दिसत नाही, ही त्यांची तक्रार होती. 2021 मध्ये मतदान झालं. फळं-भाजीपाल्यात 61 टक्के आणि बटाट्यात 66 टक्के मतं वर्गणीच्या विरोधात पडली आणि ती बंद झाली. मात्र बटाटा साठवणुकीवर संशोधन करणारं सटन ब्रिजचं केंद्रही त्याच वर्षी बंद पडलं. पुढे काहींनी स्वेच्छा वर्गणीवर नवी संघटना काढली. मोडायला एक मतदान पुरलं, उभारणी मात्र पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

पण त्या शेतकऱ्यांकडे एक गोष्ट होती, जी आपल्याकडे नाही. त्यांना मत होतं. ऑस्ट्रेलियातले लोकर उत्पादकही दर तीन वर्षांनी मतदान करून आपली वर्गणी ठरवतात. 2018 मध्ये त्यांनी ती 2 टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणली. आपल्याकडे रुपया द्यायचा की आठ आणे, हे ऊस पिकवणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्यात राज्यातले निम्म्याच्या आसपास कारखाने आता खासगी आहेत. तिथे ऊस घालणाऱ्याला सर्वसाधारण सभाही नाही.

न विचारता घेतलेल्या पैशावर विश्वास बसत नाही. 2025 च्या अतिवृष्टीनंतर मुख्यमंत्री सहायता निधी आणि पूरग्रस्तांसाठी टनामागे 15 रुपये घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा शेतकरी संघटना खवळल्या. हा पैसा कारखान्यांच्या नफ्यातून घ्यायचा आहे, असा खुलासा सरकारला करावा लागला. पूरग्रस्तांना मदत झालीच पाहिजे, पण मदतनिधी आणि पिकाच्या संशोधनाची वर्गणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की एकावरचा राग दुसऱ्यावर निघतो, आणि मग संशोधनाचा एक रुपयाही डोळ्यांत खुपतो.

तेव्हा आपण काय करायचं? सहकारी कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होते. तिथे ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषय संपवू देऊ नका. अहवाल आधी मागून घ्या, वाचा. गेल्या हंगामात संशोधनासाठी किती रुपये दिले, त्यातून आपल्या कार्यक्षेत्रात किती बेणं आलं, किती माती परीक्षणं झाली, हे सभेआधी लेखी विचारा. खासगी कारखान्याला ऊस घालत असाल तर दहा जणांच्या सह्यांचं निवेदन शेतकी अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या. रुपयाची ही रक्कम ऊसबिलावर वेगळी छापा, अशी मागणी करा. दर पाच वर्षांनी ऊस उत्पादकांचं मत घेऊनच ती पुढे चालू ठेवावी, असा ठराव मांडा. तो पहिल्या वर्षी पडेल. पुढच्या वर्षी पुन्हा मांडा.

आणि हिशेब मिळाला, काम दिसलं, तर मग रुपयाला कुरकुर करू नका. गरज पटली तर दीड रुपया द्यायचीही तयारी ठेवा.