शिट्टी वीस रुपयांची चालेल, कॅराबिनर नाही

पाऊस तोंडावर आला की शहरातल्या नव्व्याण्णव रुपयांच्या दुकानांत एक टोपली पुढे सरकते. तिच्यात शिट्टी, होकायंत्र, बोटाएवढी टॉर्च, रंगीत दोरीचं ब्रेसलेट, घडी घातलेलं चंदेरी ब्लँकेट आणि कॅराबिनरसारखी दिसणारी, किल्ल्या अडकवायची ॲल्युमिनियमची कडी असते. शेजारी पॉवर बँक, पोंचो आणि खाकी पाऊचमध्ये भरलेलं ‘सर्व्हायव्हल किट’. राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाईला निघालेली कॉलेजची पोरं ती टोपली उपसत असतात. त्यांना एखादा मुरलेला ट्रेकर हमखास सांगतो, “पैसे पाण्यात घालू नका. घ्यायचं तर चांगल्या ब्रँडचं घ्या, नाहीतर घेऊच नका.”

सल्ला कळकळीचा आहे, पण अर्धा चुकीचा आहे. त्यातला ‘नाहीतर घेऊच नका’ हा भाग तर घातक आहे.

आधी या पक्षाची बाजू नीट मांडायला हवी. त्याचं म्हणणं असं, की स्वस्त वस्तूत माल हलका असतो आणि ती ऐनवेळी दगा देते. त्याहून वाईट म्हणजे ती खोटा धीर देते. पाठीवर सॅक आणि सॅकेत किट असलं की माणूस नको तिथे पाऊल टाकतो. शिवाय वस्तू दोनदा घ्यावी लागते ती लागतेच. यातलं एकही विधान पूर्ण खोटं नाही. चूक आहे ती सगळ्या वस्तूंचा दगा एकच मानण्यात. टॉर्च बंद पडते तेव्हा अंधार होतो आणि माणूस जागेवर बसून राहू शकतो. दोर अडकवायची कडी म्हणजे कॅराबिनर, तो तुटतो तेव्हा बसायला जागाच उरत नाही. या दोन वस्तूंना एकाच नियमाने मोजणं हे या साऱ्या वादाचं मूळ दुखणं आहे.

‘महाग नाहीतर काहीच नाही’ हा हिशेब आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करतो. महाराष्ट्रात संकट खरोखर कोसळतं ते कोणावर? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत भूकंपाने घरं कोसळली, जुलै २०१४मध्ये माळीण दरडीखाली गाडलं गेलं, जुलै २०२१मध्ये तळिये आणि जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडी. इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकरांच्या त्या वाडीला गाडीरस्ताही नव्हता, मदत करणाऱ्यांना अंधारात पावसात डोंगर चढून जावं लागलं. दरड थेट घरावर आली तर दुकानातली कुठलीच वस्तू वाचवत नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण दरडीच्या कडेला, पुराच्या वेढ्यात, पत्र्यावर किंवा माळ्यावर मदतीची वाट बघत जी रात्र काढावी लागते, तिच्यात उजेड, शिट्टी, कोरडं कापड आणि पिण्याजोगं पाणी यांना मोल असतं. अशा वस्तीतल्या माणसाला पाच हजारांच्या हेडटॉर्चचं महत्त्व सांगणं म्हणजे त्याला काहीही न देणं. त्याच्या आवाक्यातली टॉर्च कोणती, ती कशी पारखायची, हे सांगणं जास्त प्रामाणिक आहे.

आणि स्वस्त म्हणजे कुचकामी हे तत्त्व म्हणून तरी कुठे खरं आहे? १९७१मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये कॉलरा पसरला. सीमेवरच्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाइन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. आज औषधाच्या दुकानात थोडक्या रुपयांत मिळणारं आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं ओआरएसचं पाकीट त्याच वाटेचं. पाणी गाळण्याचंही तसंच. शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरांतून पाणी गाळायला लावलं आणि कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचं २००३मध्ये प्रसिद्ध केलं. जंतू ज्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात ते पदरात अडकतात, विषाणू मात्र अडकत नाहीत. म्हणून गाळलेलं पाणी उकळायचं किंवा त्यात क्लोरीनचं औषध टाकायचं. या साऱ्याचा खर्च एका कोल्ड्रिंकपेक्षा कमी.

चंदेरी ब्लँकेटची तर थट्टाच होते. पण धातूचा मुलामा दिलेली ही पातळ फिल्म १९६४मध्ये अमेरिकेच्या नासात अवकाशमोहिमांसाठी विकसित झाली. ती अंगातून बाहेर पडणारी उष्णता परत अंगाकडे फेकते आणि वारा अडवते. जमिनीतून चढणारा गारवा ती रोखत नाही, त्यामुळे खाली सॅक, मॅट किंवा वाळलेला पेंढा लागतोच. पावसात भिजलेल्या सुती टी-शर्टमध्ये कड्यावरच्या वाऱ्यात कुडकुडणाऱ्या पोराला ती गुंडाळली, तर शंभर रुपयांच्या आतल्या त्या वस्तूने आपलं काम केलेलं असतं. ती फाटते, हे खरं. पण फाटलेली दिसते. घोंगडी मिळाली तर उत्तमच. भिजलेली लोकरही ऊब धरते, हे धनगरांना कोणी शिकवायला नको.

आता टॉर्च. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र किंवा खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या स्वयंसेवी पथकांना डोंगरातून येणाऱ्या हाकांमध्ये एक प्रकार वर्षानुवर्षं तोच आहे. उतरायला उशीर झाला, अंधार पडला, धुक्यात वाट हरवली, मोबाइल संपत आला. इथे हवी असते फक्त एक चालू टॉर्च. समजा, स्वस्त टॉर्च दहात एकदा बंद पडते. दोन घेतल्या तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता शंभरात एक. पण हे गणित तेव्हाच खरं, जेव्हा दोन्हींच्या बंद पडण्याची कारणं वेगळी असतात. एकाच कप्प्यात एकाच पावसात दोन्ही भिजल्या, तर दोनाची एकच झाली. म्हणून एक सॅकेत, एक खिशात, आणि दोन्ही वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. स्वस्त टॉर्चचं मागचं झाकण उघडून पाहावं. आट्यांपाशी रबराची रिंग नसेल तर पाणी आत जाणारच. साधे सेल महिनोन्‌महिने आत राहिले की पाझरतात, स्प्रिंगवर भुकटी साचते आणि हजार रुपयांची टॉर्चही मुकी होते. सेल बाहेर काढून टॉर्चलाच रबर बँडने बांधून ठेवावेत. शिट्टीची परीक्षा तर एका मिनिटाची. बादलीत बुडवून लगेच फुंकायची. आत मणी असलेली शिट्टी पाण्याने, चिखलाने अडकू शकते, बिनमण्याची तशी अडकत नाही. ओरडून घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टीला श्वास पुरतो.

इथवर स्वस्ताची बाजू घेतली. मात्र ती घेणाऱ्यांतही एक पंथ असा आहे, जो ‘सगळं चीनमध्येच बनतं, उगीच नावाचे पैसे कशाला?’ म्हणत टोपलीतली कडी उचलतो, बाजारातून पिवळा दोर घेतो आणि धबधब्यावर रॅपलिंगला निघतो. पहिल्या पक्षाशी मतभेद आहे. या पक्षाशी मात्र भांडण आहे, कारण इथे माणसं मरतात.

खऱ्या कॅराबिनरच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेच्या बाणाशेजारी २२ किंवा २४, रुंदीच्या बाणाशेजारी ७ किंवा ८, आणि उघड्या गेटच्या, म्हणजे उघडमीट होणाऱ्या दांडीच्या, खुणेपाशीही साधारण तेवढाच. ही किलोन्यूटनमधली ताकद. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळ मानाने १०० किलोंचा भार. ईएन १२२७५ हे युरोपीय मानक लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन मागतं. सत्तर किलोंच्या माणसाला दोन हजार किलोंची कडी कशाला? कारण पडणारा माणूस सत्तर किलोंचा राहत नाही. गिर्यारोहणाचा ताणला जाणारा दोरसुद्धा कसोटीच्या पडझडीत १२ किलोन्यूटनपर्यंतचा धक्का बसू देतो, आणि वरच्या कॅराबिनरवर दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण एकदम येतो. आता टोपलीतली कडी हातात घेऊन तिचं गेट पाहा. त्याचं टोक समोरच्या नाकाला फक्त टेकलेलं असतं, अडकलेलं नसतं. भार आला की कडी किंचित उघडते, गेट भार वाटून घेत नाही, आणि सगळा ताण एका वाकलेल्या पट्टीवर येतो. भार पडेपर्यंत ती अगदी खऱ्यासारखी दिसते, चकाकते, टक्‌कन बंद होते. फाटलेल्या ब्लँकेटसारखी आधी सांगत नाही.

दोराचंही तेच. बाजारातला पिवळा किंवा निळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर ताडपत्री बांधायला, ओढ्यापलीकडे सामान ओढायला चांगला. पण तो उन्हाने ठिसूळ होतो, घर्षणाच्या उष्णतेने नायलॉनच्या आधी वितळतो, आणि पडणाऱ्या माणसाचा धक्का शोषून घेत नाही. ब्रेसलेटची दोरी ‘पॅराशूट कॉर्ड’ म्हणून खपवतात. अस्सल दोरी सुमारे २५० किलोंचा स्थिर भार पेलते आणि तिच्या आवरणात सात ते नऊ पिळाचे धागे असतात. टोक कापून पाहिलं आणि आत कापसासारखा चुरा निघाला, तर ती बुटाची नाडी समजावी. अस्सल निघाली तरी तिच्यावर माणूस टांगायचा नाही.

पाण्यावरचा नियम याहून कडक. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. अशा पुरात लाइफ जॅकेट स्वस्तात मिळतं का, हा प्रश्नच गैर आहे. किती न्यूटनच्या उचलीचं, हा खरा प्रश्न. ५० न्यूटनचं जॅकेट पोहणाऱ्याला आधार देतं. बेशुद्ध माणसाचा चेहरा पाण्यावर राखण्यासाठी बनवलेलं १५० न्यूटनचं असतं. दुकानातल्या फुगवायच्या नळ्या आणि चाकं एका काट्याने संपतात. काहीच नसेल, तर घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा कॅन छातीशी बांधावा, तो जवळपास पाच किलोंची उचल देतो. भोपळ्याच्या सांगडीने नदी पार करणाऱ्या मुलखाला हे नवं नाही. पण हा निरुपायाचा उपाय. गावच्या बोटीवर त्याची पाळी येता कामा नये, आणि ग्रामपंचायतीने खर्च कुठे करायचा हे इथे ठरतं.

पॉवर बँक या दोन टोकांच्या मधली. तिच्यावर जीव टांगलेला नसतो, पण ती खोटं बोलते. हे खोटं वाण्याच्या तराजूवर पकडता येतं. आतला नळीच्या आकाराचा लिथियम सेल साधारण २५०० ते ३००० मिलीॲम्पिअर-अवरचा आणि पंचेचाळीसेक ग्रॅमचा असतो. म्हणजे २०,००० छापलेल्या पॉवर बँकेत निदान सात सेल हवेत, नुसतं त्यांचंच वजन तीनशे ग्रॅम. ती हातात दीडशे ग्रॅम भरली तर छापलेला आकडा खोटा. भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक नसेल तर ती घेऊच नये, कारण हलक्या प्रतीचा लिथियम सेल पेटू शकतो.

सगळ्यात वाया जाणारा पैसा मात्र त्या खाकी पाऊचवरचा. त्यात मासे पकडायचा गळ असतो, तारेची करवत असते, चकमक असते. जुलैतल्या सह्याद्रीत यातलं काही लागत नाही आणि ओल्या लाकडावर चकमक घासत बसायला कोणाला वेळ नसतो. शिट्टी, दोन टॉर्च, चंदेरी ब्लँकेट, दोन मीटरचं जाड प्लास्टिक, ओआरएसची दोन-तीन पाकिटं आणि क्लोरीनच्या गोळ्या हे सगळं हजार रुपयांच्या आत जमतं. शहरात राहणाऱ्याने त्यात गमबूट धरावेत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या पाण्यातून अनवाणी चालल्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. गाडी असेल तर साधा लोखंडी हातोडा सीटखाली ठेवावा. बाजूची काच बहुतेक गाड्यांत कडक केलेली असते, तिच्या कोपऱ्यात फटका मारला की फुटते. समोरची थरांची असते, तिच्यावर ताकद दवडू नये.

जिथे स्वस्त चालत नाही, तिथेही उत्तर ‘महाग’ हे नाही. तिथे शिक्का हवा. दुचाकीच्या हेल्मेटचं उदाहरण समोर आहे. वीस हजारांचं परदेशी हेल्मेट आहे आणि हजाराच्या आतलं आयएसआयचंही आहे, दोन्ही आयएस ४१५१ची कसोटी देऊ शकतात. १ जून २०२१पासून हा शिक्का नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायला कायद्याने बंदी आहे. रस्त्यावर ती अजून विकली जातात हे खरं, पण विकणाऱ्याला निदान हटकता येतं. कॅराबिनरच्या रूपाने विकल्या जाणाऱ्या कडीला मात्र कोणी हटकत नाही. तिच्या पाकिटावर ‘माणसाचा भार यावर टाकू नये’ असं मराठीत, ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती हवी. तसंच राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांना नोंदणी लावली आहे, तिच्यात एक साधी अट घालता येईल. धबधब्यावर कोणालाही दोरावर लटकवण्याआधी आयोजकाने कॅराबिनर त्याच्या हातात द्यावा, पाठीवरचे आकडे वाचू द्यावेत आणि दोर कोणत्या वर्षी घेतला ते सांगावं. हे सांगायला जो आयोजक कां-कू करेल, त्याचे भरलेले पैसे सोडून परत फिरावं.